स्वयंपाकाच्या गॅसची टाकी : मालकी, तपासणी आणि विल्हेवाट यांचा इतिहास
(डोंगरकडा, जि. हिंगोली या परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

डोंगरकडा हे हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातील गाव. नांदेडहून अर्धापूरमार्गे हिंगोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर ते वसले आहे. ऊस, केळी, हळद आणि कापूस ही या पट्ट्यातील प्रमुख पिके होत. त्यामुळे पऱ्हाट्या, तुराट्या, उसाचे पाचट आणि शेणाच्या गोवऱ्या हे चुलीचे जळण येथील कुटुंबांना पिढ्यान्‌पिढ्या शेतातून, बहुधा पैसे न मोजता, मिळत आले. अशा प्रदेशातील स्वयंपाकघरात पोलादी टाकीत भरलेला, दाबाखाली द्रवरूप झालेला वायू येणे ही केवळ इंधनबदलाची घटना नाही. त्या टाकीबरोबर एक करार, एक कायदा आणि तपासणीची एक व्यवस्थाही घरात येते. मात्र घरातील माणसांना यांपैकी फक्त टाकीच दिसते.

भारतातील घरगुती गॅसविषयीचे बहुतेक लेखन योजना, अनुदान आणि धूरमुक्ती यांभोवती फिरते. टाकी या वस्तूचा स्वतंत्र विचार त्यात क्वचितच आढळतो. ती कोणाच्या मालकीची असते, तिची परीक्षा कोण व केव्हा करतो, ती निकामी झाल्यावर तिचे काय होते आणि या साखळीतून ती बाहेर पडली तर कोणता धोका निर्माण होतो, या प्रश्नांचा ऐतिहासिक अंगाने विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. भारतीय घरगुती गॅसची सुरक्षितता टाकीच्या जाडीपेक्षा तिच्या परतीवर अधिक अवलंबून राहिली आहे आणि ग्रामीण मराठवाड्यात नेमकी ही परतीची वाट विरळ झाली आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

मुंबईतील आरंभ

महाराष्ट्राला गॅसवरचा स्वयंपाक ठाऊक झाला तो टाकीच्या आधी, नळातून. मुंबई गॅस कंपनी ही एकोणिसाव्या शतकाच्या साठीच्या दशकात स्थापन झाली आणि १८६५ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. लालबागेत दगडी कोळशापासून गॅस तयार होई आणि नळांद्वारे तो शहराच्या काही भागांत पोचे. ‘गॅस कंपनी लेन’ हे नाव तेथे आजही त्या काळाची खूण सांगते. परंतु नळाचा गॅस नळ असेल तेथपर्यंतच जातो. गॅसला गावोगावी नेणारी गोष्ट म्हणजे टाकी, आणि तिच्यासाठी आधी तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहावे लागले.

अमेरिकेत १९१० च्या सुमारास वॉल्टर स्नेलिंग या रसायनशास्त्रज्ञाने पेट्रोलमधून उडून जाणाऱ्या बाष्पाचा अभ्यास करून त्यातील प्रोपेन व ब्युटेन हे घटक वेगळे ओळखले. साध्या दाबाखाली हे वायू द्रवरूप होतात आणि दाब काढला की पुन्हा वायू बनतात, हा गुण व्यवहारात मोलाचा ठरला. एक लिटर द्रवातून सुमारे अडीचशे लिटर वायू मिळतो. म्हणजे एका लहान टाकीत कुटुंबाचे महिन्या-दीड महिन्याचे इंधन मावते. थंड देशांत मुख्यतः प्रोपेन वापरतात, कारण ब्युटेनचे बाष्पीभवन शून्य अंशाच्या आसपास थांबते, तर प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायुरूप राहू शकतो. भारतातील हवामानात ही अडचण नसल्याने येथे दोहोंचे मिश्रण चालते. अमेरिकेतील कुटुंब ज्याला ‘प्रोपेन टँक’ म्हणते आणि मराठी कुटुंब ज्याला ‘गॅसची टाकी’ म्हणते, त्यांतील रासायनिक अंतर एवढेच आहे. खरे अंतर मालकीचे आहे आणि त्याचा विचार पुढे येईल.

१९५४ व १९५५ या वर्षांत तुर्भे (ट्रॉम्बे) येथे दोन तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले. त्यांतील बर्मा-शेलने पन्नाशीच्या दशकाच्या मध्यास ‘बर्शेन’ या नावाने मुंबईत टाकीबंद गॅस आणला. एस्सो कंपनीही या व्यवसायात होती. इंडियन ऑइलचा ‘इंडेन’ गॅस १९६५ मध्ये कलकत्त्यात प्रथम मिळू लागला. पुढे १९७४ मध्ये एस्सोचे आणि १९७६ मध्ये बर्मा-शेलचे राष्ट्रीयीकरण होऊन हिंदुस्थान पेट्रोलियम व भारत पेट्रोलियम या सरकारी कंपन्या उभ्या राहिल्या. घरगुती गॅसचा जवळजवळ सगळा व्यवहार अशा रीतीने तीन सरकारी कंपन्यांच्या हाती आला. टाकीच्या इतिहासात ही घटना महत्त्वाची आहे. कारण मालक थोडे आणि स्थिर असतील तरच कोट्यवधी टाक्यांची नोंद ठेवणे शक्य होते.

मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गीय घरांत गॅसबरोबर ओटाही आला, हे येथे नोंदवणे आवश्यक आहे. चुलीपुढे पाटावर बसून होणारा स्वयंपाक उभ्याने होऊ लागला. हा बदल सोयीचा म्हणून वर्णिला जातो. सुरक्षिततेच्या दृष्टीनेही त्याला अर्थ होता.

टाकी कोणाची?

भारतीय ग्राहक गॅस विकत घेतो, टाकी घेत नाही. जोडणी घेताना तो टाकी व रेग्युलेटर यांपोटी अनामत रक्कम भरतो आणि त्याबद्दल त्याला ‘सबस्क्रिप्शन व्हाउचर’ मिळते. टाकी कायम कंपनीचीच राहते. जोडणी बंद करताना टाकी व रेग्युलेटर परत केले की व्हाउचरवर नोंदलेली अनामत परत मिळते. रिकामी टाकी देऊन भरलेली घ्यायची, असा हा व्यवहार असल्यामुळे एकाच घरात एकच टाकी दोनदा येईल याची शाश्वती नसते. गॅसचे पुस्तक तेच राहते. टाक्या मात्र बदलत जातात.

या पद्धतीचा उगम व्यापारी सोयीत आहे. पोलादी टाकी महाग, ग्राहकाला ती एकदम विकत घेणे जड, आणि कंपनीला आपल्या टाकीत दुसऱ्याने गॅस भरू नये ही काळजी. परंतु तिचा सुरक्षिततेवर झालेला परिणाम तिच्या मूळ हेतूहून मोठा आहे. टाकी दर वेळी भरण्यासाठी कारखान्यात जाते, आणि जाणकार डोळ्यांखालून जाण्याची ती एकमेव हमखास वेळ असते. तेथे तिची झडप, वजन व गळती पाहिली जाते, तपासणीची मुदत संपली असेल तर ती बाजूला काढली जाते. ग्राहकाला टाकीची देखभाल करावी लागत नाही, तिचे आयुष्य मोजावे लागत नाही, ती टाकायची कोठे हा प्रश्न तर त्याच्यापुढे येतच नाही.

अमेरिकेत याच्या उलट घडले. तेथे अनेक कुटुंबांच्या अंगणातील लहान टाकी त्यांच्या स्वतःच्या मालकीची असते. ठरावीक वर्षांनी तिची पुनर्तपासणी करून घेणे आणि निकामी झाल्यावर ती घातक कचरा म्हणून योग्य केंद्रावर पोचवणे ही मालकाची जबाबदारी ठरते. टाकी प्रमाणाबाहेर भरली जाऊ नये म्हणून तेथे विशेष झडपेची सक्ती करावी लागली. २००२ पासून अशा झडपेविना घरगुती टाक्या भरणे बंद झाले. एकदा वापरून फेकायच्या छोट्या प्रोपेन टाक्यांचा प्रश्न इतका वाढला, की कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये कायदा करून १ जानेवारी २०२८ पासून त्यांच्या विक्रीवर बंदी ठरवली. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाला अंगणातल्या शेगडीची जुनी टाकी कचऱ्याच्या पेटीत टाकता येत नाही, याचे प्रथम आश्चर्य वाटते, कारण टाकी ‘टाकणे’ ही कल्पनाच त्याच्या मूळ अनुभवात नसते.

कायदा, वास आणि आकडे

वायूच्या टाक्यांवरील कायदेशीर नियंत्रण स्वयंपाकाच्या गॅसहून जुने आहे. १८८४ च्या स्फोटक पदार्थ अधिनियमाखाली १९३८ मधील अधिसूचनेने धातूच्या पात्रात दाबाखाली भरलेल्या वायूला स्फोटकाचा दर्जा दिला. त्यानुसार १९४० चे वायुपात्र नियम झाले. त्यांची जागा पुढे १९८१, २००४ आणि २०१६ च्या नियमांनी घेतली. त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय नागपुरात आहे. मुख्य स्फोटक नियंत्रकाच्या मान्यतेविना कोणत्याही बनावटीची टाकी भरता येत नाही. बाजारात मिळणारी बिनखुणेची टाकी बेकायदेशीर ठरते ती या कारणाने.

घरगुती टाकीत १४.२ किलो गॅस असतो आणि तिची जलधारणक्षमता सुमारे ३३.३ लिटर असते. म्हणजे भरलेल्या टाकीतही साधारण पाचवा हिस्सा द्रवाविना मोकळा ठेवलेला असतो. ही कमतरता नव्हे. उन्हाळ्यात द्रव प्रसरण पावतो, त्याला जागा हवी म्हणून ती सोडलेली असते. मराठवाड्यातील वैशाखात पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या टाकीला या मोकळ्या जागेचाच आधार असतो. अवैधपणे भरलेल्या टाकीत वजनकाट्याची शिस्त नसते आणि हीच जागा प्रथम नाहीशी होते.

टाकीच्या कड्याला धरून ठेवणाऱ्या उभ्या पट्ट्यांच्या आतील बाजूस रिकाम्या टाकीचे वजन आणि पुढील तपासणीची तिमाही रंगवलेली असते. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. ‘डी २६’ असे असेल तर २०२६ च्या अखेरच्या तिमाहीत ती तपासणीस जायला हवी. हा आकडा ‘एक्स्पायरी’ आहे आणि त्यानंतर टाकी फुटते, असा समज बराच पसरलेला आहे. वास्तविक ती तपासणीची मुदत आहे आणि ती उलटल्यावर टाकी पुन्हा भरता येत नाही. नव्या टाकीची पहिली तपासणी १० वर्षांनी व त्यानंतरच्या दर ५ वर्षांनी होते. तीत पाण्याचा दाब देऊन टाकीची परीक्षा घेतली जाते. हा दाब दर चौरस सेंटिमीटरला २५ किलोग्रॅम इतका असतो.

विल्हेवाटीविषयीचा नियम तर मुळातून वाचावा असा आहे. तपासणीत नापास झालेली, गंजून मूळ वजनाच्या ५ टक्क्यांहून अधिक घटलेली किंवा अन्य दोषामुळे असुरक्षित ठरलेली टाकी पुन्हा भरायची नाही. ती संपूर्ण चेपून सपाट करायची, अथवा तिचे असे तुकडे करायचे की वेल्डिंगने वा अन्य रीतीने जोडून त्यांची पुन्हा टाकी होऊ नये. त्या टाकीचे इतिहासपत्रक बंद करून ती नोंद जपायची. साध्या लोखंडी वस्तूच्या शेवटाची इतकी दक्षता कायद्याने अन्यत्र क्वचितच घेतली असेल. नियम करणाऱ्यांना भीती होती ती टाकी मरण्याची नव्हे, मेलेली टाकी पुन्हा उभी राहण्याची.

वासाचा इतिहासही अपघातातूनच घडला. हे वायू मूलतः गंधहीन असतात. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेतील टेक्सस राज्यात न्यू लंडन येथील शाळेत गंधहीन नैसर्गिक वायू तळघरात साचून स्फोट झाला आणि सुमारे तीनशे मुले व शिक्षक मृत्युमुखी पडले. त्यानंतर वायूत दुर्गंधीयुक्त द्रव्य मिसळण्याची सक्ती झाली व ती प्रथा जगभर गेली. भारतीय गॅसमध्ये एथिल मरकॅप्टन असते. त्याचा वास कुजलेल्या कोबीसारखा येतो. मराठी घरांत ‘गॅसचा वास’ म्हणून जो ओळखला जातो तो गॅसचा नसून या द्रव्याचा आहे.

रिकामी टाकी

रिकामी टाकी म्हणजे निरुपद्रवी टाकी, हा सार्वत्रिक समज तपासून पाहिला पाहिजे. शेगडी विझते तेव्हा टाकीतील दाब बाहेरच्या हवेइतका झालेला असतो, पण ३३ लिटरचे पात्र बाष्पाने भरलेलेच असते. झडप बंद असेपर्यंत आत हवा शिरत नाही आणि हवेविना ज्वलन होत नाही. झडप काढली वा टाकीला भोक पाडले की हवा आत जाते. हवेत या वायूचे प्रमाण साधारणतः २ ते ९ टक्के असले की मिश्रण स्फोटक बनते. भरलेल्या टाकीच्या आत असे मिश्रण कधीच नसते. उघडलेल्या ‘रिकाम्या’ टाकीत ते सहज तयार होते. भंगारात आलेल्या टाकीवर गॅस कटर चालवणारा कारागीर म्हणूनच मोठ्या धोक्यात असतो. कारखान्यात नापास टाकी तोडण्यापूर्वी आतील वायू काढून टाकला जातो. भंगाराच्या दुकानात ती सोय नसते.

गॅस संपत आला की टाकी आडवी करणे किंवा गरम पाण्याच्या परातीत ठेवणे ही सवयही याच अज्ञानातून आलेली आहे. आडव्या टाकीतून वायूऐवजी द्रव रेग्युलेटरकडे जातो. रेग्युलेटर वायूचा दाब उतरवण्यासाठी केलेला असतो, द्रवासाठी नव्हे. थेंबभर द्रव बाहेर पडला तरी त्याचा अडीचशेपट वायू होतो. आणि हा वायू हवेहून दीड ते दोन पट जड असल्याने वर न जाता जमिनीवर पसरतो.

टंचाईचा काळ आणि गळकी साखळी

१९७० ते १९९० या दशकांत गॅसची जोडणी मिळणे ही प्रतिष्ठेची बाब होती. वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत नाव असे. खासदारांच्या कोट्यातील कूपनांना मोल होते. तोवर घरोघरी रॉकेलचा स्टोव्ह होता. ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू’ ही त्या काळातील वृत्तपत्रांत नित्य येणारी बातमी. तिच्यामागे कितीदा अपघात असे आणि कितीदा हुंड्याचा छळ, हा प्रश्न स्त्री चळवळीने त्याच काळात ऐरणीवर आणला. स्वयंपाकघरातील आगीचा इतिहास केवळ उपकरणांचा इतिहास नसतो, एवढे येथे सांगून पुढे जाणे इष्ट.

टंचाईने टाकीच्या साखळीत पहिली भोके पाडली. अनुदानित घरगुती गॅस आणि महाग व्यापारी गॅस यांच्या किमतीतील तफावतीमुळे घरगुती टाक्या खाणावळींत गेल्या. एका टाकीतून दुसरीत गॅस भरण्याचे अड्डे शहरांत निघाले. पुढे चारचाकी गाड्या व रिक्षांत घरगुती गॅस भरला जाऊ लागला. त्यावर नियंत्रण आणण्यासाठी २००१ मध्ये वाहनांतील गॅसवापराचा स्वतंत्र आदेश काढावा लागला. २०१२ मध्ये अनुदानित टाक्यांची संख्या वर्षाला सहावर आणली गेली, ती नंतर नऊ व बारा झाली. २०१५ पासून अनुदान थेट बँक खात्यात जमा करण्याची पद्धत देशभर लागू झाली आणि दुहेरी किमतीचा हा खेळ बराच कमी झाला. तरी अवैध भरणा थांबला नाही. ८ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री पिंपरी-चिंचवडमधील ताथवडे येथे टँकरमधून सिलिंडरांत वायू चोरून भरला जात असताना आग लागली, एकामागून एक सिलिंडर फुटले आणि शेजारी उभ्या असलेल्या शाळेच्या बस जळाल्या.

१९९३ मध्ये खाजगी कंपन्यांना समांतर विक्रीची मुभा मिळाली तेव्हा साखळीच्या दुसऱ्या टोकाला तडा गेला. अनामत रकमा गोळा करून काही व्यवसाय गुंडाळले गेले आणि ग्राहकाच्या घरी टाकी उरली. मालक नाहीसा झाला की टाकी परत नेणारे कोणी नाही, तपासणारेही कोणी नाही. टाकीची सुरक्षितता मालकाच्या अस्तित्वाशी किती बांधलेली आहे, हे या प्रसंगाने दाखवले. त्याची पुरेशी दखल मात्र तेव्हा घेतली गेली नाही.

उज्ज्वला आणि परतीची विरळ वाट

२००१ च्या जनगणनेत देशातील १७.५ टक्के कुटुंबे स्वयंपाकासाठी प्रामुख्याने गॅस वापरत होती; २०११ मध्ये हे प्रमाण २८.५ टक्के झाले. १९९९ मध्ये परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यासारख्या प्रदेशात गॅस तोवर मुख्यतः तालुक्याच्या गावांचे आणि नोकरदारांचे इंधन होते. २००९ मध्ये सुरू झालेल्या राजीव गांधी ग्रामीण एलपीजी वितरक योजनेने छोट्या एजन्सी ग्रामीण भागात नेल्या. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेचा प्रारंभ झाला आणि ७ सप्टेंबर २०१९ रोजी तिची आठ कोटीवी जोडणी मराठवाड्यातच, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील कार्यक्रमात देण्यात आली.

या योजनेचे श्रेय मोठे आहे. धुरात फुंकणी घेऊन बसणाऱ्या स्त्रीला प्रथमच पर्याय मिळाला. टाकीच्या दृष्टीने मात्र दोन गोष्टी बदलल्या. पहिली अनामतीची. प्रत्येक जोडणीमागे सरकारने १,६०० रुपयांचे साहाय्य कंपन्यांना दिले. टाकी व रेग्युलेटरची अनामत त्यातच होती. कुटुंबाने स्वतः रक्कम भरलेली नसल्यामुळे टाकी परत करण्यामागची आर्थिक ओढ राहिली नाही. जुन्या ग्राहकाला बदलीच्या वेळी अनामतीची आठवण होई, तशी येथे होण्याचे कारण नाही.

दुसरी गोष्ट पुनर्भरणाची. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१९ मध्ये सादर केलेल्या अहवालानुसार, ३१ डिसेंबर २०१८ रोजीच्या स्थितीत उज्ज्वला लाभार्थ्यांचे वार्षिक सरासरी पुनर्भरण ३.२१ टाक्या इतके होते. ही आकडेवारी नेहमी धूरमुक्तीचे अपयश म्हणून वाचली जाते. ती सुरक्षिततेची आकडेवारी म्हणूनही वाचता येते. वर्षाला आठ टाक्या वापरणाऱ्या घरी एक टाकी दीड महिना राहते. तीन वापरणाऱ्या घरी चार महिने. तेवढ्या प्रमाणात कारखान्यातील तपासणी दूर जाते, झडपेतील रबरी कडी (जिला घरोघरी ‘वॉशर’ म्हणतात) जुनी होत राहते, आणि वितरकाच्या माणसाची घरातील फेरीही कमी होते. ऊसतोडीला जाणारे कुटुंब दिवाळीनंतर घराला कुलूप लावून निघते तेव्हा टाकी आतच असते. पाच-सहा महिने बंद राहिलेली ही जोडणी परतल्यावर नळी न तपासताच पेटवली जाते. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जाहीर केलेल्या मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेत पात्र कुटुंबांना वर्षाला तीन टाक्या मोफत देण्याची तरतूद आहे. धोरणकर्त्यांच्या दृष्टीने हे आर्थिक साहाय्य; पण पुनर्भरण वाढले तर टाकीची तपासणीही आपोआप वाढते, हा तिचा न सांगितलेला लाभ आहे.

टाकी घरी देताना वजन करून दाखवणे आणि झडप गळत नाही याची खात्री करणे हे वितरकाचे कर्तव्य आहे. शहरात ग्राहक त्याचा आग्रह धरू शकतो. आडगावात टाकी रस्त्याच्या कडेला गाडीवरून उतरून मोटारसायकलच्या मागे बांधून घरी येते, तेव्हा ही तपासणी वाटेतच गळून पडते. टाकी उचलून आणणारा घरचा पुरुष असतो, आणि जिला ती जोडायची असते ती स्त्री त्या वेळी तेथे नसते.

चूल, माळवद आणि टाकी

सुरक्षिततेच्या सूचना शहरी स्वयंपाकघर डोळ्यांपुढे ठेवून लिहिल्या गेल्या आहेत. शेगडी टाकीहून उंच, ओट्यावर हवी, हे पहिले तत्त्व. गळलेला वायू खाली पसरतो; ज्योत उंचावर असेल तर तो तिच्यापर्यंत पोचण्यापूर्वी वास येण्यास अवधी मिळतो. ओटा नसलेल्या घरात शेगडी जमिनीवर ठेवली जाते आणि टाकी शेजारी उभी राहते. तेव्हा झडप ज्योतीहून वर येते आणि गळती थेट ज्योतीवर उतरते. विटांचा वा फरशीचा हात-दीड हाताचा ओटा करणे हा त्यावर साधा उपाय होय, परंतु जोडणीच्या साहाय्यात ओटा कधीच धरला गेला नाही.

दुसरी अडचण चूल आणि गॅस यांच्या सहवासाची. डोंगरकड्यासारख्या गावात पऱ्हाट्या आणि गोवऱ्या उपलब्ध असताना चूल पूर्ण विझेल अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. चहा गॅसवर, भाकरी चुलीवर, आंघोळीचे पाणी चुलीवर, अशी विभागणी तर्कशुद्ध आहे. परंतु ‘गॅसचा वास आल्यास दिवा लावू नका, बटण दाबू नका’ ही सूचना ज्या घरात निखारे राखेखाली दिवसभर धुमसत असतात तेथे अपुरी पडते. तेथे ज्वलनाचे कारण आधीच हजर असते. चूल परसात वा पडवीत आणि गॅस आत, किंवा उलट, असे वेगळे करणे हाच मार्ग उरतो. मराठवाड्यातील जुन्या माळवदाच्या घरांत खिडक्या कमी, भिंती जाड आणि धान्याची बळदे, पेवे यांसारख्या खोलगट जागा असत. जड वायू अशा जागी साचतो आणि दार उघडले तरी लवकर निघत नाही. सवणा म्हणजे छतातील धुराचे भोक चुलीसाठी योग्य होते. गॅससाठी जमिनीलगतचा झरोका हवा.

हे केवळ खेड्यातील अज्ञानाचे प्रश्न आहेत असे मानणे चुकीचे ठरेल. ६ डिसेंबर २०२० रोजी सकाळी मुंबईतील लालबाग येथे, जेथे एकेकाळी गॅस कंपनीचा कारखाना होता त्याच वस्तीत, साराभाई इमारतीतील एका घरात टाकीतून गळलेल्या वायूचा स्फोट झाला आणि अनेकांचे प्राण गेले. तेथे लग्नकार्याची तयारी चालू होती. गर्दीचे घर, बंद खोली आणि रात्रभर साचत गेलेला वायू ही परिस्थिती कोठेही उद्भवू शकते. गळतीची तक्रार करण्यासाठी २०१६ पासून १९०६ हा क्रमांक देशभर उपलब्ध आहे; तो टाकीवर नव्हे तर भिंतीवर, शेगडीच्या वर लिहिलेला असावा. वास येताच रेग्युलेटर बंद करून काढावा, झडपेवर टोपण बसवावे, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि टाकी मोकळ्या जागी न्यावी. विजेची बटणे, चालू असोत वा बंद, जशी असतील तशीच राहू द्यावीत. २०१७ पासून भरवल्या जाऊ लागलेल्या ‘एलपीजी पंचायतीं’त हे शिकवले जाते. तथापि एकदा पाहिलेले प्रात्यक्षिक आणि दर टाकीमागे उंबऱ्यावर होणारी तपासणी यांत फार अंतर आहे.

मालक नसलेल्या टाक्या

कुटुंब गाव सोडते, वृद्ध आई एकटी राहते, घरात दुसरी जोडणी येते. अशा वेळी जुनी टाकी कोपऱ्यात पडून राहते. तिची रीतसर वाट एकच आहे. व्हाउचर व गॅसचे पुस्तक घेऊन टाकी व रेग्युलेटर वितरकाकडे परत द्यायचे आणि जोडणी संपल्याचा कागद घ्यायचा. शेजाऱ्याला टाकी ‘वापरायला’ देणे, बदलीच्या गावी बरोबर नेणे, भंगारवाल्याला वजनावर घालणे हे तिन्ही व्यवहार दुसऱ्याच्या मालमत्तेचे आहेत. पहिल्या दोहोंत अपघात झाल्यास कंपन्यांच्या विम्याचा आधारही डळमळतो, कारण तो नोंदलेल्या जागेशी निगडित असतो. तिसऱ्यातील धोका वर सांगितलाच आहे.

खरा अवघड प्रश्न उरतो तो ज्या टाकीला कंपनीच नाही तिचा. नांदेड-हिंगोलीसारख्या शहरांत खोली घेऊन राहणारे विद्यार्थी आणि बांधकामावरील मजूर यांना जोडणीसाठी लागणारा पत्त्याचा पुरावा देता येत नाही. त्यांच्यासाठी बाजारात बिनखुणेच्या छोट्या टाक्या मिळतात आणि त्या किलोवर भरूनही मिळतात. सरकारी कंपन्यांनी २०१३ पासून ५ किलोच्या टाक्या खुल्या विक्रीस आणल्या. इंडेनची ‘छोटू’ त्यांतलीच. ही टाकी ग्राहकाला विकत मिळते, पण ती कंपनी परत घेण्याचीही सोय आहे आणि ती मान्यताप्राप्त कारखान्यातच भरली जाते. म्हणजे मालकी ग्राहकाकडे गेली तरी परतीचा धागा तोडलेला नाही. बिनखुणेच्या टाकीला हा धागा मुळातच नसतो. तिच्या पट्टीवर तिमाही रंगवलेली नसते, रिकामे वजन कोरलेले नसते, तिला इतिहासपत्रक नसते. शिक्षण संपवून गावी परतणारा विद्यार्थी ती बरोबर आणतो आणि ती गावातल्या भंगारात जाते. चेपून सपाट करण्याचा किंवा तुकडे करण्याचा नियम तिला लागू करायचा, तर ती कोणाकडे न्यायची हे नियमात लिहिलेले नाही. नोंदलेल्या टाकीचा मालक कंपनी आहे आणि साठ्याचा जबाबदार वितरक आहे. बिनखुणेची टाकी डोंगरकड्याच्या बाजारात भंगारवाल्याच्या हातगाडीवर येते तेव्हा तिच्याजवळ उभा असलेला जाणकार बहुधा एकटा भंगारवालाच असतो, आणि त्याच्या हातात कटर असतो.